माडीचा साग आणायला आलापल्लीला

चांद्याला कशाला गेला होतात, असं कुणी विचारलं आणि मी "लाकडं आणायला" म्हटलं, की विचारणारा पुढं बोलत नाही. माझ्याकडे नीट पाहून घेतो. मुंबई राज्यातल्या कुलाबा जिल्ह्यातली बाई लाकडं आणायला मध्य प्रदेशात जाते, म्हणजे एक तर बाईचं डोकं ठिकाणावर नाही, नाही तर लाकडं चंदनाची असली पाहिजेत. दोन्हीतलं एकही खरं नाही. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आमच्या गावचं सिनेगॉग जुनं आहे. किती जुनं, ते जमातीतले पुरुष दर सणाला नव्यानं सांगतात आणि दर वेळी त्यात थोडी वर्षं वाढतात. आम्ही बेने इस्रायल. आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून गावचे लोक आम्हाला शनवार तेली म्हणतात आणि सिनेगॉगला मशीद. त्याच्या भिंती चिऱ्याच्या आहेत आणि आत गारवा छान असतो. पण तो गारवा पुरुषांचा. बायका बसतात बाजूच्या पडवीत. पडवीतून आत पाहायला दोन खिडक्या आहेत. खिडकीपाशी जागा मिळाली तर पुरुषांच्या पाठी दिसतात, न मिळाली तर खिडकीपाशी बसलेल्या बाईची. सेफेर म्हणजे आमच्या धर्मशास्त्राची हातानं लिहिलेली गुंडाळी. ती पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटातून बाहेर काढतात, तो प्रार्थनेतला सगळ्यांत मोठा क्षण. त्या वेळी आम्हीही पडवीत उठून उभ्या राहतो, कारण आतून बाकं सरकल्याचा आवाज येतो.

माझ्या यजमानांच्या चुलती मिल्काकाकी यांना अलीकडे तो आवाजही येईनासा झाला. कान गेले. पडवीतून दिसत नव्हतंच, आता ऐकूही येईना, तेव्हा त्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेला, घरीच बसू लागल्या. "तिथं जाऊन मी काय भिंत बघू?" असं म्हणायच्या, आणि कान गेलेल्या माणसासारखं मोठ्यानं म्हणायच्या. त्यामुळे सगळ्या आळीला कळायचं.

छप्पर गळायला लागलं म्हणून पंचांनी सिनेगॉगची दुरुस्ती काढली, आणि दुरुस्ती निघालीच आहे तर बायकांसाठी आत माडी करावी असं ठरलं. ठरलं म्हणजे बायकांनी ठरवलं. माडीचे नकाशे मात्र दोन झाले. एकात मागच्या भिंतीला चिकटलेली अरुंद माडी, पुढं दाट जाळी. दुसऱ्यात तिन्ही बाजूंनी पुढं आलेली रुंद माडी, नुसत्या कठड्याची. पहिलीला आखूड तुळया चालणार होत्या. दुसरीला एकसंध लांब तुळया हव्या होत्या, आणि तसा साग आमच्याकडे आता मिळत नाही. तो आलापल्लीच्या जंगलात मिळतो, असं आमचे हे म्हणाले. हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर आहेत आणि टेपनं मोजल्यासारखं बोलतात.

जमातीचे मुकादम म्हणजे मिल्काकाकींचेच यजमान, आमचे हस्केलकाका. त्यांचा कौल आखूड तुळयांना. "अर्धी जमात इस्रायलच्या बोटीत बसली. रुंद माडीत काय चिमण्या बसवायच्या? आणि बायकांना ऐकू आलं म्हणजे झालं. बघायचंय काय त्यात?" असं ते भर सभेत बोलले. काकी सभेत नव्हत्या, आणि असत्या तरी त्यांना ऐकू आलं नसतं. शेवटी काकांनी आणि ह्यांनी जंगलात जावं, माल पाहावा, आणि लांब का आखूड ते काकांनीच तिथं ठरवावं असा निकाल झाला. पावसाच्या आत छप्पर झाकायचं होतं, तेव्हा ही फेरी एकदाच होणार हे सगळ्यांना माहीत होतं. बायकांनी अट घातली की आमच्यातली एक बरोबर जाईल. जंगलात बाई कशाला, असं काकांनी विचारलं. स्वयंपाकाला, असं आम्ही सांगितल्यावर पंच ताबडतोब राजी झाले.

निघताना काकी धक्क्यापर्यंत आल्या, माझ्या हातात पोह्यांचा डबा दिला आणि कुजबुजल्या, "लांबच आण गं." त्यांची कुजबुज लाँचच्या तांडेलापर्यंत गेली. काका समुद्राकडे पाहत राहिले.

चांदा

चांद्याला उतरलो तेव्हा वैशाखाचं ऊन इतकं होतं की किल्ल्याच्या तटाकडे बघायलासुद्धा मान वर करवेना. लाकडाच्या ठेकेदाराचे कारभारी वासुदेवभाऊ आम्हाला घ्यायला आले होते. गोल चेहऱ्याचे, पान खाणारे, मनानं फार चांगले गृहस्थ. फक्त आम्ही कोण हे त्यांना कळल्याशिवाय चैन पडेना.

"तुमी मुसलमान का?" त्यांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

"मंग किरिस्ताव असान."

"तेही नाही."

"मंग आमच्यातलेच की भाऊ, उगाच काऊन लपवून राह्यले?" असं म्हणून त्यांनी आम्हाला घरी जेवायला नेलं.

जेवण तिखट आणि चविष्ट होतं. तांदूळ आमच्यासारखाच रोजचा, पण नारळ औषधालाही नाही; त्याची जागा जवसाच्या चटणीनं घेतलेली. पुढं तलावातल्या मासळीचं कालवण आलं. आम्हाला खवले असलेलीच मासळी चालते, म्हणून काकांनी तुकडा दिव्याकडे धरून खवल्यांच्या खुणा शोधल्या. वासुदेवभाऊंच्या मंडळींना वाटलं, मासा शिळा निघाला. त्या बिचाऱ्या तळं कुठलं, कोळी कोण, मासा किती वाजता निघाला हे सांगू लागल्या. काकांचं समाधान झालं, त्यांनी मासा खाल्ला आणि वांग्याच्या भाजीवर अधिक भरवसा ठेवून दोनदा मागून घेतली. भाजीत सुकवलेले झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी होती. ते कळलं तेव्हा वाटी रिकामी झाली होती. आम्हाला झिंगे अजिबात वर्ज्य. काका अंगणात जाऊन बराच वेळ चुळा भरत होते, आणि ह्यांनी मला हसू नकोस असं डोळ्यांनी सांगितलं, पण ते स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे होते.

वैनगंगा ओलांडून

आष्टीला वैनगंगा लागते. उन्हाळ्यात पात्राचं बरंचसं वाळवंट झालेलं, मधे पाण्याचा निळा पट्टा, आणि पलीकडे जायला डोंगा. डोंग्यात बसल्याबरोबर काकांना आपण दर्यावर राहणारे असल्याची आठवण झाली. भरती कशी ओळखावी, वाऱ्याला शीड कसं द्यावं, हे ते नावाड्याला समजावून सांगू लागले. नावाडी हूं हूं करत होता. ओहोटीपर्यंत प्रकरण आलं आणि डोंगा वाळूत रुतला. सगळे उतरून ढकलू लागले. पाणी गुडघ्याइतकंच होतं, पण काका धोतराचा सोगा डोक्याएवढा वर धरून उभे होते.

पुढं आलापल्लीपर्यंत मोटार, मग खाचर, म्हणजे बैलगाडी. सागाच्या जंगलाची मी फार कल्पना केली होती. हिरवं, गर्द, सावलीचं. जाऊन पाहते तो एका झाडाला पान नाही. उंचच उंच करडे खांब, खाली पानांचा पाचोळा, आणि चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज. मधेच एखादा मोह कोवळ्या तांबूस पालवीचा. असं उघडंबोडकं जंगल सुंदर असू शकतं, हे मला पटायला एक दिवस लागला. मग मात्र डोळे हटेनात.

कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. आमच्या कुपाजवळच्या माडिया लोकांच्या गावात आम्ही शुक्रवारी दुपारी पोचलो. गोटुलात, म्हणजे गावाच्या मोठ्या छपरात, आमची सोय होती. पलीकडेच ओंडके रचलेले होते. लांब वेगळे, आखूड वेगळे. ह्यांनी लांब ओंडक्यांवरून हात फिरवला. काका आखूड ओंडक्यांवर जाऊन बसले आणि तिथूनच म्हणाले, "हेच घ्यायचे. उद्याचा दिवस आपला नाही. परवा गाड्या भरू." मी म्हटलं, लांब एकदा बघून तरी घ्या. ते म्हणाले, सूनबाई, सूर्य कलला, शब्बाथचे दिवे लावायचं बघ.

मी दिवे लावले. पण वात सरळ करताना धक्क्यावरच्या काकी डोळ्यांपुढून जात नव्हत्या.

शनिवार, त्यांचा आणि आमचा

शनिवारी सकाळी गाडीवान बैल जुंपून हजर. बरोबर आलेल्या वासुदेवभाऊंना आमचा शनिवार ठाऊक नव्हता आणि काकांना तो त्यांना सांगायचं सुचलं नव्हतं. गाडीवानांचा पुढारी लालसू हा उंच, कमी बोलणारा माणूस. गावाची पूजा करणारा गायताही तोच. काका ओंडक्यांकडे बोट करायलाही तयार होईनात, कारण तेही कामच.

"आज काहीच करत नाई?" लालसूनं विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले.

"अन् केलं तं?"

"देवाला चालत नाही."

लालसूनं मान हलवली आणि बैल सोडले. एवढंच. वासुदेवभाऊंनी मात्र कपाळावर हात मारला. "अजी, पाऊस तोंडावर आला अन् तुमी बसून राह्यले. बैल उभे, गाड्या उभ्या. असा कसा देव तुमचा?"

दुपारी शेजारच्या मैनीबाई आल्या. त्या गडचिरोलीकडून या गावात नांदायला आलेल्या, त्यामुळे त्यांच्याशी मराठीत बोलता यायचं. हातात पेजेचं मडकं होतं.

"तुमची चूल काऊन पेटली नाई बाई? घरी कोनी मेलं का?"

मी समजावून सांगितलं की आज आम्ही विस्तव पेटवत नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि तरीही पेज ठेवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "देवाचं देवापाशी. पोटाले काय माईत शनवार?" पेज गार होती, आमच्याकडच्यासारखीच होती, आणि काकींच्या पोह्यांवर आदल्या दिवसापासून वेळ काढलेल्या आम्हाला ती अमृतासारखी लागली. काकांनी दोन वाट्या घेतल्या. आधी झिंगे नाहीत ना ते पाहून.

रविवारी काका उजाडताच तयार. गाड्यांचा पत्ता नाही. गावात फिरून पाहिलं तर सगळे नटूनथटून इकडेतिकडे चाललेले. आंब्याचा पंडुम होता. हा सण झाल्याशिवाय इथं नवा आंबा कुणी तोंडाला लावत नाही, आणि त्या दिवशी कुणी बैलाला जूही लावत नाही. काकांना हे सगळं कळलं आणि ते तापले. आम्ही हजार कोस लांबून आलोय, रेल्वेची वॅगन थांबून राहायची नाही, एक दिवस आधीच फुकट गेला, असं बरंच काही ते लालसूला बोलले. आदला दिवस कुणापायी फुकट गेला, ते त्यात आलं नाही.

लालसू शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काल तुमचा दिस होता, मी बैल सोडले. आज आमचा हाय."

काकांनी घड्याळ काढून पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. वासुदेवभाऊ पानाची पिचकारी टाकायच्या निमित्तानं दूर गेले.

पंडुम

आता दिवस रिकामा आहे तर पूजा तरी पाहू, म्हणून काका पूजेच्या जागेकडे निघाले, मागोमाग आम्ही दोघं. गावाबाहेर झाडांच्या राईत दगडांची एक ओळ होती. त्या ओळीपाशी एका म्हाताऱ्यानं त्यांना हात आडवा केला. ज्यांचे देव वेगळे, त्यांनी आत यायचं नाही.

"मग आम्ही बसायचं कुठं?" काकांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं. तिथं सगळ्या बायका बसल्या होत्या.

हे आपले गुपचूप जाऊन एका मुळीवर बसले. काकांना बसायला वेळ लागला. शेवटी माझ्या आणि मैनीबाईंच्या मधे, रुमाल पसरून, टोपी सारखी करून ते बसले. समोर पुरुषांच्या पाठींची भिंत. पाठींपलीकडे धूर. आतून लालसूचा आवाज यायचा, मधेच ढोल वाजायचा, मधेच सगळे एकदम गप्प व्हायचे. एवढंच.

काकांनी आधी मान डावीकडे केली, मग उजवीकडे. मग गुडघ्यांवर उभे राहिले. मैनीबाईंच्या मागच्या म्हातारीनं काही तरी म्हटलं आणि बायका हसल्या. काका खाली बसले.

"आता काय चाललंय आत?" त्यांनी मैनीबाईंना विचारलं.

"मले काय माईत भाऊ? लगीन करून आली तवापासून पाठीच पाहून राह्यली."

"पण ढोल का थांबला?"

"थांबते कदी कदी."

"आंबे कापले की नाही अजून?"

"कापले असान. आनतीन तवा दिसन."

असं थोडा वेळ चाललं. काकांचा जीव कासावीस झाला होता. इतका श्रद्धाळू माणूस, शेजारी देवाचं काही तरी चाललेलं, आणि त्याला दिसत नाही. शेवटी ते माझ्याकडे वळून कुरकुरले, "निदान कुणी सांगायला तरी हवं, काय चाललंय ते."

मी म्हटलं, "ऐकू येतंय ना काका? मग झालं. बघायचंय काय त्यात?"

सुनेनं असं बोलू नये, हे मला माहीत आहे. पण मला फार आनंद झाला, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही. ह्यांनी मोहाच्या झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं. काका समोरच्या पाठींकडे पाहत राहिले, आणि पुन्हा मान वाकडी केली नाही.

बऱ्याच वेळानं पुरुष आंब्याच्या फोडी घेऊन बाहेर आले. लालसूनं पहिली फोड काकांच्या हातावर ठेवली. नव्या फळासाठी आमच्यातही वेगळा आशीर्वाद म्हणतात. काकांनी डोकं झाकून तो हिब्रूत म्हटला आणि मग फोड तोंडात घातली. लालसू लक्षपूर्वक ऐकत होता.

"तुमी बी म्हनता?" त्यानं विचारलं.

"आम्हीही म्हणतो," काका म्हणाले.

आंबा आंबट होता आणि त्याच्या दशा दातांत अडकत होत्या. आमच्याकडे असा आंबा लोणच्यालाही कुणी घेतला नसता. काका "गोड आहे" म्हणाले. धर्मशास्त्राबाहेर जाऊन बोललेलं त्यांचं हे एकच खोटं मला ठाऊक आहे.

ओंडके

सोमवारी गाड्या आल्या. काका चहासुद्धा न घेता ओंडक्यांकडे गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा ते लांब ओंडक्यांच्या राशीपुढे उभे होते.

"सूनबाई, वर चढ," ते म्हणाले.

मी पदर खोचून राशीवर चढले. काका बरीच पावलं लांब गेले, तिथं उभे राहिले आणि एक वाळकी फांदी दोन्ही हातांनी उंच धरली, सेफेर धरतात तशी.

"दिसतंय?"

"फांदीचं टोक दिसतंय," मी म्हटलं. मधे खाचराची ताडपत्री येत होती.

"मग पुढं सरक. आता?"

"आता सगळं दिसतंय."

"बसून बघ. उभी असताना काय, कुणालाही दिसेल."

मी बसले. दिसत होतं. काका फांदी तशीच धरून ह्यांना म्हणाले, "इथपर्यंत माडी यायला किती लांब तुळई लागेल?" ह्यांनी टेप काढला. गाडीवान बैलांच्या वेसणी धरून हा सगळा प्रकार बघत होते. लालसूला बहुधा वाटलं असावं की हाही आमचा एखादा पंडुम आहे, कारण त्यानं आपल्या माणसांना दगडांच्या ओळीबाहेर थांबवावं तसं लांबच थांबवलं होतं.

वासुदेवभाऊ धावत आले. "अजी, तुमाले तं आखूड माल पायजे होता ना? आता हे लांबट काऊन?"

"मला काय पाहिजे ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "आणि ओव्हरसियर, जाळी काढून टाका नकाशातून."

मी राशीवरून उतरले ती डोळे पुसतच. भुसा गेला असं ह्यांना सांगितलं.

घरी

साग बल्लारशाहून वॅगननं मुंबईला आणि तिथून मचव्यानं आमच्या खाडीत आला. छप्पर पावसाच्या आत झाकलं गेलं. माडी व्हायला पाऊसभर सुतार काम करत होते, आणि काका रोज जाऊन त्यांना चुका दाखवत होते. त्या चुका नसायच्याच, पण सुतारही कोकणातले, त्यांनी मनावर घेतलं नाही.

आमच्या नव्या वर्षाच्या सणाच्या आधीच्या शब्बाथला आम्ही पहिल्यांदा माडीत बसलो. खरं सांगायचं तर माडी निम्मी रिकामी होती. पावसाळ्यात आणखी घरं इस्रायलला गेली होती. मिल्काकाकींना मी आणि शेजारच्या हन्नाताईंनी धरून जिना चढवला आणि कठड्याला लागूनच बसवलं. खाली पुरुष प्रार्थनेच्या पांढऱ्या शाली डोक्यावरून घेऊन उभे होते. वरून सगळे सारखेच. काकींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि माझ्याकडे वळल्या. त्यांना वाटलं, त्या कुजबुजताहेत.

"रिबेके, यातले आमचे कुठले गं?"

सबंध सिनेगॉगला ते ऐकू गेलं. प्रार्थना म्हणणाऱ्या हजानचा सूर मधेच थांबला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता काका काय म्हणतील, या धास्तीनं मी खाली पाहिलं. कुणी वर पाहिलं नाही. फक्त दुसऱ्या बाकावरच्या एका शालीतून हळूच एक हात वर आला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि पुन्हा आत गेला.

हजाननं पुढं सुरू केलं. काकी त्या शालीकडे पाहत राहिल्या. मग कपाट उघडलं, सगळे उठले, सेफेर बाहेर आला. आम्ही सगळ्या कठड्यावर वाकलो. मी काकींना कोपरानं खुणावलं, समोर बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण नजर काही तिकडे गेली नाही.